पैलवानांचा धनुर्वात आणि माझे मोकळे हात

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पैलवानांच्या दातांमध्ये लाकडाची चपटी पट्टी सरकवून पाहिली. पट्टी मोडली, तोंड काही उघडलं नाही. डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, अंगानं किडकिडीत, बोलणं हळू. त्यांनी मोडकी पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "टिटॅनस."

मी विचारलं, "म्हंजे काय?"

"धनुर्वात."

हा शब्द मला ठाऊक होता. आमच्या शेजारची बाळंतीण त्यानंच गेली होती. गावात धनुर्वात म्हटलं की लोक रोग्याकडं बघत नाहीत, त्याच्या बायकोकडं, आईकडं बघतात. तसं बघणारा तिथं एकच माणूस होता, आमच्यासोबत आलेले वस्ताद. मी त्यांच्याकडं पाठ फिरवली.

मला रडू आलं नाही, राग आला. ज्यांची पाठ मातीला लावायला मुलखातले भले भले मल्ल कमी पडले, त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जंतूनं चीत करायचं म्हणजे काय? मी तिथंच मनाशी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. मी लिहिण्यावाचण्यापुरतं शिकलेली बाई, माझ्या ठरवण्यानं काय होणार होतं कोण जाणे. पण ठरवलं.

डॉक्टरसाहेबांनी जखम कुठं आहे विचारलं. वस्ताद पुढं झाले. "पोटरीला लागल्तं साहेब, घनसावंगीच्या जत्रंत. गाडीच्या चाकाची पट्टी घासली. पर ते कवाच बरं झालं. म्या सोता तालमीची माती दाबली त्याच्यात."

"कौनसी मिट्टी?"

वस्तादांचा चेहरा खुलला. मातीबद्दल कुणी विचारलं की ते असेच खुलायचे. "तेल, ताक, हळद, कापूर, लिंबाचा पाला, समदं घालून मळलेली. लेकरावाणी सांभाळतो मी तिला. तीस वरसं झाली, तालमीत जखमेला दुसरं औषध न्हाई."

"आणि मूळची माती आणता कुठून?"

"टांग्यांच्या तबेल्यामागून. लई मऊ असती तिथली."

डॉक्टरसाहेबांनी आम्हाला समजावलं. हा जंतू घोड्याच्या लिदीत असतो, लिदीतून मातीत येतो. त्याला हवा सोसत नाही. जखम वरून बंद झाली की आत त्याला हवं तसं घर मिळतं. तिथं बसून तो विष तयार करतो आणि ते विष नसांमधून चढत जातं. पहिल्यांदा जबडा धरतो, मग मान, मग पाठ. जबडा आवळला जातो त्याला ते ट्रिसमस म्हणाले. म्हणजे दातखीळ.

वस्ताद एवढंच म्हणाले, "माती असं करत न्हाई साहेब." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आता पैलवान म्हणजे कोण, हे सांगते. माझे यजमान, किसन पैलवान. घरात, गावात, सगळे त्यांना पैलवानच म्हणायचे, मीही. बदनापूरपासून गाडीवाटेनं थोडं आत आमचं गाव. निजामाचं राज्य होतं. शहागडला गोदावरीच्या वाळवंटात मोठं मैदान भरायचं, तिथं त्यांचं नाव झालं. नाव ऐकून कुस्तीची हौस असलेल्या बन्सीलालशेठ नावाच्या व्यापाऱ्यानं त्यांच्या खुराकाचा खर्च उचलला आणि पुढं हैदराबाद, मुंबई असं करत करत निवड होऊन ते आगबोटीनं ऑलिंपिकला जर्मनीला गेले. आमच्या गावातल्या कुणी तोवर समुद्र पाहिला नव्हता.

तिकडं त्यांनी एक कुस्ती मारली आणि दुसरी हरले. दुसरीत त्यांची पाठ लागलीच नाही. म्हणे गुणांवर हरले. गादीवर कुस्ती, गुण मोजणारे तिघे, त्यांची भाषा वेगळी. "पाठ लागली न्हाई तर हारलो कसा?" असं ते परत आल्यावर कितीतरी दिवस विचारायचे. मला ते पटायचं. अजूनही पटतं.

हरून आले तरी बदनापूर स्टेशनात गाडी थांबायच्या आधी हलग्या सुरू झाल्या होत्या. साता समुद्रापार जाऊन आलेला माणूस म्हणून त्यांना मिरवत आणलं. न्हाव्याच्या दुकानात त्यांचा फोटो लागला. लग्न कुणाचंही असो, पैलवान पहिल्या पंगतीला. बारशाला बाळ आधी त्यांच्या मांडीवर. घरात मात्र मी त्यांच्याविनाच जेवायची, कारण माणूस कधी घरी असेल तर ना!

वस्तादांचं हरण्याबद्दल वेगळंच म्हणणं होतं. ते सांगायचे, "तिथं हलगी न्हवती. हलगीबिगर पोरगं लढलं, म्हणून हारलं." कारण शहागडच्या मैदानात एकदा पैलवान खाली सापडले होते, दम संपला होता, आणि वस्तादांनी हलगीवाल्यांना ओरडून ठेका वाढवायला लावला होता. त्या ठेक्यावर पैलवान उठले आणि त्यांनी वरच्याला आसमान दाखवलं. ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला पाठ होती. मीही तिचं कौतुक करायची. पुढं तीच गोष्ट आमच्या जिवावर उठली.

आजार सुरू झाला तो मान अवघडण्यापासून. पैलवानाची मान अवघडली तर कुणाला काय वाटणार? तालमीत वस्तादांनी तेल लावून रगडली. दुसऱ्या दिवशी भाकरी चावेना. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. तिसऱ्या दिवशी लोट्यातलं दूध ओठांतून बाहेर आलं तेव्हा मी गाडी जुंपायला सांगितली. आत्याबाई म्हणाल्या, "दवाखान्यात नेऊन राह्यली? पैलवान कदी दवाखान्यात गेल्ता का?" मी म्हणाले, "जर्मनीला तरी कदी गेल्ते? एकदा गेले ना?"

आगगाडीत इंजिनाची शिटी झाली आणि त्यांची पाठ लाकडासारखी ताठ झाली. त्यांच्या कानात कापूस घालायला गेले तर जाईना. पैलवानांचे कान फुटलेले, सुजून मिटलेले, भोक नावाला. त्या कानांचा त्यांना केवढा अभिमान! मी वरून माझा पदर गुंडाळला आणि जालन्यापर्यंत हातानं दाबून धरला.

दवाखान्यात त्यांना कोपऱ्यातली खोली दिली. खिडकीला काळं घोंगडं लावलं. जखम पुन्हा उघडून आतला सडका भाग कापून काढला. मग सिरम दिलं. सिरम म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध. जंतूही घोड्याकडून आणि उतारही घोड्याकडून, हे ऐकून मला अशा वेळीसुद्धा हसू आलं. गुंगीचं औषध, नाकातून रबरी नळी, नळीतून दूध. एका बैठकीत बदामाच्या थंडाईचा तांब्या रिचवणारा माणूस, त्याला चमचा चमचा मोजून.

मी विचारलं, "वाचतील का?"

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, मी झूट बोलत न्हाई. ह्या बीमारीत खूप लोक जातात. काही उठतात. ताकतवर आदमी है, पण इथं ताकतच दुश्मन आहे. स्नायू जितके मोठे, तितका झटका मोठा. झटक्यात छाती आवळली तर सांस बंद. झटका येतो आवाजानं, उजेडानं, हात लागल्यानं. अंधेरा आणि खामोशी, ही अर्धी दवा. ती तुम्ही द्यायची."

ती दवा मी दिली. कशी दिली ते सांगते, कारण अशा रोग्याजवळ बसायची वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

झटका पाहणं सोपं नाही. आधी चेहरा ओढला जातो, दात दिसतात, हसल्यासारखं होतं. डॉक्टरी भाषेत त्याला नाव आहे, रायसस. ते हसू नसतं. मग मान मागं जाते आणि पाठ वर उचलते, कमानीसारखी. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकतात. आणि हे सगळं होताना माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळतं. पैलवानांचे डोळे माझ्याकडं असायचे आणि त्यात जी भीती मी पाहिली, ती कुठल्या मैदानात कुणी पाहिली नव्हती.

पहिला मोठा झटका ओसरला तेव्हा मी त्यांच्या कानाजवळ अगदी हळू म्हणाले, "पाठ लागली न्हाई बरं का." खाली सापडलेला मल्ल पाठ लागू नये म्हणून असंच डोक्यावर आणि टाचांवर अंग उचलून धरतो. त्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटून उघडले. तेव्हापासून प्रत्येक झटक्यानंतर मी तेवढंच म्हणायची. इथं गुण मोजणारं कुणी नव्हतं. पाठ लागली नाही म्हणजे हरलो नाही.

त्याच दिवशी मी पाणी घ्यायला हात लांबवला आणि माझ्या बांगड्या वाजल्या. एवढीशी किणकिण. त्यांचं अंग कमान झालं, ओठ निळे पडले. श्वास परत येईपर्यंत मी दुसऱ्या हातानं बांगड्या घट्ट धरून होते.

मी बाहेर गेले, हाताला साबण लावला आणि काचेच्या सगळ्या बांगड्या काढल्या. पायातली जोडवी काढली. गळ्यातलं मंगळसूत्र तेवढं ठेवलं, ते पोलक्याच्या आत सरकवलं. बांगड्या कापडाच्या घडीत बांधून ठेवल्या.

आत्याबाई आल्या आणि त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. त्या काळात नवरा असलेली बाई मोकळ्या हातानं बसली म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. त्या हंबरडा फोडणार तोच मी त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि त्यांना अंगणात ओढत नेलं. सासूच्या तोंडावर हात! पण नेलं.

"रांडमुंड होऊन बसलीस तू, माझं लेकरू जित्तं असून?" त्या म्हणाल्या.

"जित्ते हाईत म्हणून काढल्या," मी म्हणाले. "तुमचं लेकरू उठू द्या. मंग कोपरापर्यंत भरते."

त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पण दुसऱ्या दिवशी खोलीत आल्या तेव्हा त्यांच्याही चांदीच्या पाटल्या हातात नव्हत्या. दोघी मोकळ्या हातांनी दोन बाजूंना बसलो.

असे बरेच दिवस गेले. झटके थोडे लांबले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अजून काही दिवस. ह्यात एक जरी मोठा झटका आला तर दिल साथ देणार न्हाई."

त्याच सकाळी बन्सीलालशेठ पाहायला आले. गरीब स्वभावाचे, जोडे फाटकाबाहेर काढून आलेले. दारातूनच हात जोडून मला बाजूला बोलावलं. "बहू, आज सारं गाव येऊन राह्यलं. बदनापूरहून गाडीनं निघालेत. वस्तादांनी जत्रेतले हलगीवाले सोबत घेतलेत. म्हणतात, जर्मनीत हलगी न्हवती म्हणून हारला, आता हलगीनं उठवतो."

मी म्हणाले, "शेठजी, तुम्ही थांबवलं न्हाई?"

"कोण थांबवणार? ते आता तुमच्या एकटीचे न्हाईत. सगळ्यांचे झालेत."

"सगळ्यांचे हाईत ना? मंग झटकाबी सगळ्यांनी वाटून घ्या म्हणावं."

मला वस्तादांचं मन कळत होतं. डॉक्टरांनी मातीला दोष दिला तो त्यांना आतून लागला होता. मातीनं पाडलं असेल तर आपण उठवून दाखवू, असं त्यांनी घेतलं होतं. त्या म्हाताऱ्याचा पैलवानांवर माझ्याइतकाच जीव होता. त्याचीच भीती जास्त. वैऱ्याला अडवता येतं, माया करणाऱ्याला कसं अडवायचं?

मी आत्याबाईंना पैलवानांच्या कानांवर उशी धरायला बसवलं आणि फाटकाकडं निघाले. लांबून आवाज येऊ लागला होता. कडकड, कडकड, तोच शहागडचा ठेका. मी धावले. फाटकाच्या पुढं, रस्त्याच्या पार वळणापर्यंत धावले.

समोर अख्खं गाव. फेटे, गुलाल, पुढं हलगीवाले, त्यांच्यापुढं वस्ताद. मी ओरडून काही सांगणं शक्य नव्हतं. एक तर त्या कडकडाटात ऐकू गेलं नसतं, आणि ऐकू जाईल एवढं ओरडले असते तर माझाच आवाज खोलीत गेला असता.

मैदानात एखाद्याला जोड मिळत नाही तेव्हा तो एक हात वर करून गोल फिरतो. ज्याच्यात हिंमत असेल त्यानं हाताला हात लावावा, असा त्याचा अर्थ. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि उजवा हात सरळ वर केला.

पदर घसरला, बाही खाली आली. मनगट उघडं पडलं.

हलगी थांबली. ठेका संपवून नाही, मध्येच. हलगीवाल्याची काडी वरच राहिली. मागच्यांना काय झालं ते कळेना, मग त्यांनीही पाहिलं. एक बाई रस्त्यावर मोकळा हात वर करून उभी. वस्ताद होते तिथंच खाली बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्यांचे खांदे हलू लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ते काय समजले होते. मी हात लढायला वर केला होता.

मी वस्तादांजवळ गेले, खाली बसले. "जित्ते हाईत," मी म्हणाले. "बांगड्या आवाजामुळं काढल्या. बांगडी वाजली तर त्यांचा सांस बंद होतो वस्ताद. हलगीनं काय होईल?"

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपल्या हातानं वाढवलेल्या लेकरासाठी ही बाई काय काढून बसली आहे, ते त्यांना कळलं असावं. म्हणाले, "सूनबाई, बांगडीनं?"

"बांगडीनं."

"मंग आम्ही काय करावं?" मोठ्या मोठ्या मल्लांना काठीनं वळण लावणारा माणूस मला विचारत होता.

"हलगी खाली ठेवा. आणि गावाचं एवढं वजन असंल तर हा रस्ता गप करून दाखवा."

वस्ताद उठले. हलगीवाल्यांनी हलग्या पालथ्या ठेवल्या. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. आमच्या गावचे लोक रस्त्याच्या दोन्ही तोंडांना उभे राहिले. टांगा आला की हात जोडून घोड्याच्या गळ्यातली घुंगरं काढायला लावायची. बैलगाडी आली की बैलांच्या गळ्यातले घोगर सोडायचे. भाजीवालीनं हाळी दिली की तिच्या पाया पडायचं. कुणी विचारलं, काहून? तर वस्ताद सांगायचे, "आमचा पैलवान आत लढून राह्यला. ऑलिंपिकचा पैलवान." नावाचा एवढा उपयोग मी तोवर पाहिला नव्हता. गावकरी आळीपाळीनं येत राहिले, धोका टळेपर्यंत. दवाखान्यातले बाकीचे रोगीही म्हणायचे, अशी शांत झोप कधी लागली नव्हती.

मग एका दुपारी पैलवानांनी तोंड उघडलं. जेमतेम बोट जाईल एवढं. जीभ जड झालेली. म्हणाले, "हलगी ऐकू आल्ती. मधीच का थांबली?"

म्हणजे त्यांनी ऐकली होती. लांबून, फुटक्या कानांतून, उशीतून, थोडी. मी म्हणाले, "तुमच्या बायकोनं कुस्ती मारली." त्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि या खेपेला ते खरं हसू होतं. मी खोलीबाहेर जाऊन मनसोक्त रडले.

जाताना डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, झटक्यांनी पाठीचा एक मणका दबला आहे. चालता येईल, शेती होईल, कुस्ती होणार नाही. वस्ताद म्हणाले, "पाठ लागली न्हाई ना? बस्स." डॉक्टरसाहेबांना ते कितपत समजलं माहीत नाही, पण त्यांनी वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या डॉक्टरांचे उपकार मी शब्दांत फेडू शकत नाही.

आज टिटॅनसची सुई जागोजाग मिळते. खिळा लागो, काटा लागो, पत्रा लागो, जखम साबणानं धुवा आणि सुई घ्या. माती, शेण, चुना, हळद काही भरू नका, सांगणारा कितीही मायेचा असो. वस्तादांनी शेवटपर्यंत मातीची चूक कबूल केली नाही. मात्र तालमीच्या दारात उकळलेल्या पाण्याची घागर आणि साबणाची वडी त्यांनी स्वतः ठेवली आणि जखम न धुता आत येणाऱ्याला काठी. मला तेवढं पुरे.

पुढच्या जत्रेत पैलवानांचा सत्कार ठेवला. बायकांनी आखाड्याजवळ जायचं नाही अशी रीत. मी गेले. त्यांच्या मागं सतरंजीवर बसले, कुणाची मला उठवायची छाती झाली नाही. पैलवान पुढं आले आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. हलगीवाले हलग्या छातीशी धरून उभे. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर कुणी हलगी वाजवलीच नव्हती.

पैलवानांनी वस्तादांकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाजवा की. मेलो का मी?"

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मी पैलवानांच्या पाठीवर, त्या दबलेल्या मणक्यावर, हात ठेवला आणि मान डोलावली.

हलगी कडाडली. माझा हात तिथंच होता. पाठ मऊ होती, श्वासाबरोबर वर खाली होत होती. मी हात काढला तेव्हा कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या वाजल्या. त्या गदारोळात कुणाला ऐकू गेल्या नसतील, पण पैलवानांनी वळून पाहिलं.